पाचव्या आणि सहाव्या नळाच्या मध्ये

पाणी खात्याच्या कचेरीबाहेर सूचना लागल्याची बातमी काजवालीला 'रेडिओ'ने दिली. 'रेडिओ' म्हणजे तिची भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. कानात शिरलेली बातमी तिच्या तोंडातून बाहेर पडायला फारसा वेळ लागत नसे, म्हणून गल्लीने तिला हे नाव ठेवलं होतं आणि तिलाही ते आवडत होतं. त्या दिवशी मात्र बातमी सांगताना तिचा आवाज पडला होता.

काजवालीने हातातला शर्ट तसाच खाली ठेवला आणि चालत जाऊन सूचना स्वतः वाचली. उताराच्या गल्लीतील दहाही सार्वजनिक नळांचे पाणी तपासले आहे, ते पिण्यास योग्य आहे, रहिवाशांनी आपली भांडी स्वच्छ ठेवावीत. खाली सही, त्यावर शिक्का.

ती शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे घरी आणायची आणि त्यांना काजं करून द्यायची. दिवसाला दीडशे-दोनशे काजं. एक टाका इकडचा तिकडे झाला तर तिला रात्रभर चैन पडत नसे. अशा बाईला कुणी भांडी नीट घास म्हणावं, हे तिच्या जिव्हारी लागलं. गेल्या दीड महिन्यात तिची चार वर्षांची धाकटी तीनदा जुलाबांनी आजारी पडली होती. तिसऱ्या वेळी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. त्या काळात काजवालीने घरातली भांडी इतकी घासली होती की पातेल्याच्या बुडाचा कल्हईचा थर निघून आला होता. गल्लीच्या खालच्या अंगाला अशी अकरा मुलं आजारी होती. सूचना लागल्यापासून तर बायका एकमेकींना अक्षरशः पाण्यात पाहू लागल्या. हिची बादली उघडी असते, तिचा मग जमिनीवर पडलेला असतो. नळावर आधी गप्पा चालायच्या, आता टोमणे चालू झाले.

घरी सासरे होते. ते तीस वर्षं पाणी खात्यात चावीवाले होते. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून गल्लीगल्लीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी लोक त्यांना चावीवालेच म्हणत. काजवालीने सूचनेचं सांगितल्यावर ते म्हणाले, खात्याने तपासलं म्हणजे तपासलंच असेल. आणि उठून दारात जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडे गेली. या नर्सबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या आणि त्यांनाही ती सूचना पटलेली नव्हती. खात्याला तपासणीच्या बाटल्या त्यांनीच दिल्या होत्या. त्यांनी कपाटातून तशीच एक बाटली काढून काजवालीला दाखवली. अंगठ्याएवढी काचेची बाटली, आत कागदाची एक पट्टी, बाहेर एक रेघ. रेघेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, हलवायचं आणि एक-दोन दिवस ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर सगळं काळं पडतं. नसतील तर पाणी होतं तसं राहतं. बाटलीच्या तोंडाला आतून बोट लागता कामा नये, नाहीतर पाण्याऐवजी आपल्या बोटाचीच तपासणी व्हायची.

"हे मला जमेल?" काजवालीने विचारलं.

"सुईत दोरा ओवता येतो ना? मग जमेल."

नर्सबाईंनी तिला बारा बाटल्या दिल्या. दहा नळांच्या दहा. अकरावीत उकळून गार केलेलं पाणी भर, ती काळी पडता कामा नये. बारावीत गटाराचं पाणी भर, ती काळी पडलीच पाहिजे. म्हणजे या दोघी साक्षीदार, बाकीच्या दहा खऱ्या की खोट्या ते सांगणाऱ्या. आणि खरं काय ते कळेपर्यंत गल्लीत सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांग, असंही त्यांनी बजावलं.

सकाळी पाणी आलं तशी काजवाली वरच्या पहिल्या नळापासून निघाली. 'रेडिओ' तिच्याबरोबर वही घेऊन होती. प्रत्येक बाटलीवर आकडा चिकटवला. बाया रांगेतून बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, भांडी घासायची सोडून ही आता डॉक्टरीण झाली. ती पुढच्या नळाकडे वळली. घरी येऊन तिने बाटल्या कपाटावर एका ओळीत मांडल्या.

थंडीचे दिवस होते. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

दुसऱ्या दिवशी एकही बाटली काळी नव्हती. दहाही नळ निर्मळ. म्हणजे खातं म्हणतं तेच खरं, आणि पोरीला आपल्याच हाताने घाण पाजली की काय आपण? ती तशीच स्टुलावर बसली. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष ओळीतल्या शेवटच्या बाटलीकडे गेलं. बारावी. गटाराचं पाणी. तीही तशीच होती, जरा गढूळ, पण काळी नाही.

तिने बाटली उजेडात धरली. गटार काही एका रात्रीत स्वच्छ होत नाही. बारावी साक्षीदार खोटं बोलत होती, म्हणजे बाकीच्यांवर विश्वास ठेवायचं कारणच उरलं नव्हतं.

काय चुकलं ते तिला कोपऱ्यावरच्या पावाच्या भट्टीत कळलं. ती पाव आणायला गेली होती. भट्टीवाली मावशी कामगारावर करवादत होती, पीठ अजून दगडासारखं का आहे म्हणून. कामगाराने परात खिडकीशी ठेवली होती. मावशीने ती उचलून भट्टीच्या बाजूच्या फळीवर सरकवली आणि म्हणाली, थंडीत पीठ झोपतं, ऊब दिल्याशिवाय उठायचं नाही.

काजवाली पाव न घेताच घरी पळत आली. बाटल्यांबरोबरच्या कागदावर तिने पुन्हा बोट फिरवलं. 'उबदार जागी ठेवावे.' हे तिने आधीही वाचलं होतं, पण घरातली कुठलीही जागा उबदारच, असं धरून चालली होती.

मावशीला तिने सगळं सांगितलं. मावशीचा नातू त्या अकरा मुलांपैकी एक होता, त्यामुळे जास्त समजवावं लागलं नाही. फळ्या दोन होत्या. काजवालीने ताप मोजायची नळी दोन्हींवर ठेवून पाहिली. वरची फळी चाळिसाच्या पुढे गेली. खालची सदतीसवर थांबली, निरोगी माणसाच्या अंगाइतकी. बाराही बाटल्या खालच्या फळीवर गेल्या, पिठाच्या परातीपासून लांब, एका डब्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने स्वतः येऊन दार वाजवलं. "तू ये आणि बघ," एवढंच म्हणाली.

गटाराची बाटली शाईसारखी काळी होती. उकळलेल्या पाण्याची स्वच्छ. एक ते पाच नळ स्वच्छ. सहा, सात, आठ, नऊ, दहा, काळेकुट्ट. काजवालीने आकडे दोनदा वाचले. गल्ली वरून खाली उतरत होती, पाणीही वरून खाली येत होतं. जे काही व्हायचं ते पाचव्या आणि सहाव्या नळाच्या मध्ये होत होतं. चांभाराच्या टपरीपासून शाळेच्या फाटकापर्यंत, फार तर साठ पावलं.

संध्याकाळी जेवताना तिने हे सासऱ्यांना सांगितलं. नवरा बसवर ड्युटीला होता, घरात दोघंच होते आणि धाकटी. चावीवाल्यांचा घास हातातच राहिला.

"साठ पावलं कशाला," ते म्हणाले. "जागा मला ठाऊक आहे."

मग त्यांनी सांगितलं. सत्तावीस वर्षांपूर्वी ही लाईन टाकताना ते स्वतः खड्ड्यात होते. भिंतीकडेने सरळ जायची होती, पण मध्ये खडक लागला. खडक फोडायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी मोठे लोक नळ सुरू करायला येणार होते. मग पाईप वळवून गटाराच्या खालून नेला. तिथे एक सांधा आला. त्याला बाहेरून मोठ्या पाईपाचं कवच घालायला हवं होतं, ते आणलेलंच नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, नंतर बघू. ते नंतर कधी आलं नाही. पाणी दिवसातून दोनदाच येतं. बंद झालं की पाईप रिकामा होतो आणि आता सैल झालेल्या सांध्यातून बाहेरचं आत ओढतो.

"तो सांधा माझ्या हातचा आहे, पोरी. सूचना लागली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर तोच आहे. खातं म्हणालं पाणी चांगलं आहे, आणि मला ते खरं वाटून घ्यायचं होतं."

तीन वेळा आजारी पडलेली पोर समोर भात चिवडत होती. रागही आला आणि या म्हाताऱ्या माणसाच्या हातात तसाच राहिलेला घास बघून तो टिकलाही नाही. शेवटी ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही कचेरीत काही बोलू नका. लोक तुमच्यावर येतील. बाटल्या बोलतील."

ते ताट उचलून मोरीकडे गेले.

पाणी खात्याचे साहेब तसे वाईट नव्हते. बदलून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं, टेबलावर कामांचा ढीग होता. त्यांनी काजवालीला आणि नर्सबाईंना बसायला सांगितलं, बाटल्या पाहिल्या आणि मान हलवली. भट्टीत ठेवल्यावर काहीही काळं पडेल, असं त्यांचं म्हणणं. कचेरीतल्या बाटल्या त्यांनी नियमाप्रमाणे दोन दिवस ठेवल्या होत्या, इथेच, खिडकीजवळच्या या टेबलावर.

काजवालीने उकळलेल्या पाण्याची बाटली आणि वरच्या पाच नळांच्या बाटल्या पुढे केल्या. त्याही त्याच फळीवर होत्या, त्या का नाही काळ्या पडल्या, असं तिने विचारलं. साहेब जरा थबकले, पण पुरतं पटल्याचं दिसलं नाही. मग तिने पिशवीतून नर्सबाईंनी दिलेल्या दोन कोऱ्या बाटल्या काढल्या आणि त्यांना कचेरीसमोरच्या गटारापर्यंत येण्याची विनंती केली. सगळ्यांदेखत तिने दोन्ही बाटल्या गटाराच्या पाण्याने भरल्या. साहेबांनाच त्यावर सह्या करायला लावल्या. एक त्यांच्या टेबलावर राहिली. दुसरी शिपायाबरोबर भट्टीवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. 'रेडिओ'ने आपलं काम केलं होतं. शिपायाने भट्टीवरची बाटली आणून ठेवली. काळी मिचकूट. टेबलावरची, सहीवाली, होती तशीच होती. साहेबांनी स्वेटरच्या बाहीने काच पुसून पाहिली.

"साहेब," काजवाली म्हणाली, "तुमच्या टेबलावर गटारही पिण्यास योग्य निघालं."

कुणीतरी मागे फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी जे केलं, त्याबद्दल काजवाली पुढे नेहमी त्यांचं नाव चांगलंच घेत राहिली. ते उठले, बाहेर गेले आणि फळ्यावरची सूचना स्वतःच्या हाताने काढली. परत येऊन म्हणाले, "चूक माझी आहे. उद्या सकाळी खणायला घेऊ."

सकाळी चार मजूर कुदळी घेऊन आले. साहेबांनी लाईनचा जुना नकाशा उलगडला. नकाशात पाईप भिंतीकडेने सरळ रेघेत जात होता. त्यांनी भिंतीजवळ खूण करायला लावली. काजवालीला माहीत होतं की तिथे खडकाशिवाय काही नाही. ती पुढे सरकली, पण सांगायचं कसं? कुठून कळलं असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं? अख्खी गल्ली जमली होती. आजारी मुलांच्या आया पुढे उभ्या होत्या.

तेवढ्यात गर्दीतून चावीवाले आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, निवृत्तीच्या दिवशी घातलेला.

"तिथे खणू नका," ते म्हणाले. "कुदळी मोडतील. पाईप इथे आहे, या गटाराच्या खाली. मला माहीत आहे, कारण मी तो पुरला."

आणि भर रस्त्यात त्यांनी सगळं सांगितलं. खडक, घाई, न आलेलं कवच, सैल सांधा. आवाज चढवला नाही की कुणावर ढकललं नाही. वरिष्ठांचं सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले की हुकूम त्यांचा होता, पण हात माझे होते, आणि नंतरच्या सत्तावीस वर्षांत तोंड उघडायला मला कुणी बंदी केली नव्हती. सून मला गप्प राहा म्हणाली होती. पण खड्डा चुकीच्या जागी पडला असता तर तिच्या बाटल्या खोट्या ठरल्या असत्या.

काजवालीला वाटलं, आता कुणीतरी दगड उचलणार. भट्टीवाली मावशी पुढे आली. तिने चावीवाल्यांकडे नीट पाहिलं, मग मजुरांकडे वळून म्हणाली, "ऐकलं ना? सांगतात तिथे खणा."

अर्ध्या दिवसात पाईप उघडा पडला. गटाराच्या बरोबर खाली, काळ्या चिखलात. सांध्याभोवतीची माती हिरवट, चिकट झाली होती आणि फटीत एक बोट सहज जात होतं. साहेब खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून बघत राहिले. चावीवाल्यांनी बाह्या सरसावल्या. मजूर नको म्हणत होते, वय बघा म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही, शिडी लावून खाली उतरले.

नवा पाईप गटाराच्या वरून नेला, लोखंडी कवचातून, प्रत्येक सांधा दोनदा तपासून. तीन दिवस लागले. शेवटचा सांधा आवळला तेव्हा चावीवाल्यांच्या कोपरापर्यंत चिखल होता आणि त्यांनी तो पुसायची घाई केली नाही. मग लाईन औषध घालून धुतली, आणि पाणी सुटलं.

आता खरी परीक्षा होती. काजवालीने पुन्हा बारा बाटल्या भरल्या. या वेळी रांगेतून कुणी टोमणा मारला नाही, उलट नळाजवळची जागा मोकळी करून दिली. टोमणा मारणारीने तर बाटलीवर आकडे चिकटवायला मदत केली. बाटल्या भट्टीवर गेल्या. नर्सबाईंनी दोन दिवस सांगितले होते. त्या दोन दिवसांत भट्टीवर पाव कमी आणि चौकशी जास्त खपली. मावशी वैतागून म्हणाली, परातीतलं पीठ बघायला आजवर एवढं कुणी आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीने डबा रस्त्यावरच्या बाकावर आणून ठेवला. साहेब आले, नर्सबाई आल्या, गल्ली तर होतीच. काजवालीने एकेक बाटली काढून उजेडात धरली. एक, स्वच्छ. दोन, स्वच्छ. पाचपर्यंत लोक नुसते मान डोलावत होते. सहाव्या बाटलीला तिचा स्वतःचा हात जरा अडखळला. तिने ती वर धरली. पलीकडचा रस्ता, शाळेचं फाटक, फाटकाशी उभी असलेली मुलं, सगळं त्या पाण्यातून लख्ख दिसत होतं.

"सहा," ती म्हणाली. "स्वच्छ."

पुढचे आकडे गल्लीनेच मोठ्याने मोजले. दहापर्यंत पोचल्यावर आवाज इतका झाला की शाळेतले मास्तर खिडकीत आले. 'रेडिओ' रडत होती आणि तिला कुणीतरी विचारत होतं की आता बातमी कोण देणार. अकरावी उकळलेल्या पाण्याची, स्वच्छ. बारावी गटाराची, काळी, म्हणजे साक्षीदार या वेळी खरं बोलत होती. काजवाली बाकावर बसली. तिचं हसू थांबत नव्हतं. धाकटी तिच्या मांडीवर चढून विचारत राहिली, आता मी नळाचं पाणी पिऊ? नर्सबाईंनी आणखी एक आठवडा थांबा म्हणून सांगितलं, नंतरची तपासणी होऊ दे. तीही स्वच्छ निघाली.

त्या थंडीत खालच्या अंगाला पुन्हा एकाही मुलाला सलाईन लावावं लागलं नाही.

महिन्याभरात पाणी खात्याने गावातल्या सगळ्या गल्ल्यांसाठी बाटल्या मागवल्या. त्या भरायच्या कशा, ठेवायच्या कुठे, हे शिकवायला काजवालीला बोलावलं. पहिल्याच दिवशी चौदा बायका आल्या. त्यांतल्या सहा जणींनी झाकण उघडताना तोंडाला बोट लावलं आणि काजवालीने सहाही जणींकडून पुन्हा करून घेतलं. काजं शिकवतानाही ती अशीच असे, त्या चौदांतली, तिच्या हाताखाली शिकलेली शिंप्याची मुलगी म्हणाली.

शेजारच्या खोलीत साहेबांनी टेबलावर मोठा कोरा कागद पसरला होता. खात्यातला नकाशा किती ठिकाणी खोटा आहे, ते आता त्यांना कळलं होतं. चावीवाले चष्मा लावून वाकले होते. तीस वर्षांत चावी घेऊन चाललेला एकेक रस्ता ते आठवणीतून काढत होते. कुठे खडक, कुठे वळण, कुठे घाईत बुजवलेला सांधा. तरुण अभियंते भोवती उभे राहून लिहून घेत होते.

"हा बाजाराकडचा," चावीवाले म्हणाले आणि पेन्सिलीने एक गोल काढला. "याच्यावरही गटार आहे."

काजवालीने दारातून ते ऐकलं. तिने बाटल्यांची पिशवी उचलली, चौघींना बरोबर घेतलं, आणि बाजाराकडे निघाली.